सनावळ्यांपलीकडचे आपले घर



स्मरणिकेत शाळेच्या आठवणी भरपूर येणार आहेत. तेव्हा "तू इतिहासावर काहीतरी लिही" असा संपादक मंडळींचा प्रेमळ दम आला. विषय मी निवडला तो असा : सामान्य माणूस इतिहासाच्या पुस्तकात कधी आणि कसा आला, आणि आपल्या सोलापूरचा सामान्य माणूस तिथपर्यंत पोहोचला का?

आपल्या वेळचा इतिहासाचा पेपर आठवा. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, कारणे द्या, थोडक्यात टिपा लिहा. लढाया, तह, राज्यारोहण आणि मृत्यू यांच्या सनावळ्या. वर्गात कोण बसलेले होते तेही आठवा. कुणाचे वडील गिरणीत पाळीला जायचे, कुणाच्या घरी चार यंत्रमाग खडखडायचे, कुणाची आई दारात बसून विड्या वळायची, कुणाचे बाळीवेशीकडे किराणा दुकान, कुणाचे वडील रेल्वेत. पुस्तकात यांतल्या एकाही कामाला जागा नव्हती. आपल्या शिक्षकांनी हे मुद्दाम वगळले होते, असे मुळीच नाही. इतिहास लिहिण्याची रीतच बराच काळ तशी होती. ती कशी बदलली हे पाहण्यासारखे आहे.

मराठ्यांचा पहिला मोठा सलग इतिहास इंग्रजीत आला, १८२६ साली. लिहिणारा ग्रँट डफ साताऱ्याला कंपनी सरकारचा अधिकारी होता. राज्य कसे उभे राहिले आणि कसे गेले, हा त्याचा प्रश्न. त्याच्या चुका दाखवायच्या आणि अस्सल कागदांवरून इतिहास लिहायचा, या जिद्दीने पुढे वि. का. राजवाडे उभे राहिले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे एकूण २२ खंड झाले. राजवाडे गावोगाव पायपीट करून जुन्या वाड्यांमधली दप्तरे मिळवत. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. या मंडळींचा मुख्य रस राजकारणात होता, पण त्यांनी जमवलेल्या कागदांत सामान्य माणूस आपोआप आला होता. जुने महजर, म्हणजे गोतसभेपुढच्या निवाड्यांचे कागद, पाहावेत. वतनाच्या भांडणात साक्षीला आलेल्यांना लिहिता येत नसे, म्हणून सहीच्या जागी निशाणी असे. पाटलाची निशाणी नांगर आणि बलुतेदारांची आपापली अवजारे. ज्याचे नाव कुठल्याही बखरीत नाही, त्याची निशाणी कागदावर तीनशे वर्षे टिकून आहे. कागद होतेच, ते कशासाठी वाचायचे हा प्रश्न बाकी होता.

तो प्रश्न राजवाड्यांच्या आधीच एका माणसाने विचारला होता. जोतीराव फुले यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला. त्यात त्यांनी महाराजांना कुळवाड्यांचा, म्हणजे शेतकऱ्यांचा राजा म्हणून उभे केले. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' आली. १८८३ च्या सुमारास 'शेतकऱ्याचा असूड' लिहून झाला आणि त्यात तर शेतकऱ्याचे घर, गोठा, अंथरूण, जेवण यांचे वर्णन आहे. राज्य कुणाचे होते, एवढ्यावर न थांबता त्या राज्यात राबणाऱ्याच्या ताटात काय होते, हे त्यांनी मांडले. १८८२ साली ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून घराच्या आतला अन्याय चव्हाट्यावर आणला.

आपण शाळेचे माजी विद्यार्थी म्हणून जमलो आहोत, म्हणून आणखी एक नाव आवर्जून सांगतो. मुक्ता साळवे. फुले दांपत्याच्या शाळेतली ही विद्यार्थिनी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. पेशवाईच्या काळात आपल्या जातीच्या माणसांवर काय गुजरले, हे ती त्यात सांगते. शाळेत जाऊन तीनेक वर्षे झालेली मुलगी, आणि तिचा निबंध आज इतिहासाचे साधन म्हणून वाचला जातो. निबंधाच्या वहीला कधी कमी लेखू नये!

विसाव्या शतकात दुसरी वाट निघाली, ती गावाची. महसूल खात्यात नोकरी केलेले त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाले. पाटील, कुळकर्णी, बलुतेदार, फिरस्ते, बाजार, जत्रा, उधारी अशा बारीकसारीक तपशिलांनी पुस्तक भरलेले आहे. ना. गो. चापेकरांनी १९३३ मध्ये 'बदलापूर' लिहिले. एका गावावर एवढे मोठे पुस्तक होऊ शकते, हेच तेव्हा नवल होते. या पुस्तकांची मर्यादाही ओळखायला हवी. आत्रे गावाकडे पाहतात ते कचेरीच्या बाजूने. फिरस्त्या जमातींविषयी त्यांचा सूर कडक आहे, आणि त्या जमातींचे म्हणणे काय होते ते पुस्तकात नाही. सरकारी गॅझेटियरचेही तेच. आपल्या सोलापूर जिल्ह्याचे गॅझेटियर १८८४ चे. जातीजातींचे कपडे, जेवण, घर, लग्नाचा खर्च, सारे त्यात टिपलेले आहे. माहिती अमूल्य आहे, पण मोजदाद झाली म्हणजे म्हणणे ऐकले गेले असे होत नाही.

स्वातंत्र्यानंतर हा विचार पक्का झाला तो दामोदर धर्मानंद कोसंबींमुळे. मूळचे गणिती असलेले कोसंबी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवत. दगडी हत्यारे, शेंदूर फासलेले देव, वाटेवरची ठाणी, पाटे-वरवंटे हे त्यांचे पुरावे. त्यांचे १९५६ चे पुस्तक सांगते, की अमुक काळी गादीवर कोण होता यापेक्षा लोकांच्या हाती नांगर होता का, आणि कोणत्या प्रकारचा होता, हे जास्त महत्त्वाचे. डॉ. अ. रा. कुलकर्णी यांनी १९६९ च्या आपल्या ग्रंथात शिवकालाचा विषय घेतला, पण लढाया बाजूला ठेवून शेती, बाजार, बलुते आणि गावसभा यांवर लिहिले.

जगातही तेव्हा हेच वारे होते. फ्रान्समध्ये १९२९ साली मार्क ब्लॉक आणि ल्युसिएँ फेव्र यांनी 'अनाल' हे नियतकालिक काढून शेते, बाजार, रूढी यांना इतिहासाच्या मध्यभागी आणले. इंग्लंडमध्ये ई. पी. थॉम्पसन यांचा तिथल्या कामगार वर्गाच्या घडणीवरचा ग्रंथ १९६३ साली निघाला. थॉम्पसन विद्यापीठाच्या चार भिंतींत बसून लिहीत नव्हते. यॉर्कशायरच्या कापडगिरण्यांच्या मुलखात ते प्रौढांचे वर्ग घेत. त्यांच्या पुस्तकात एक पूर्ण प्रकरण हातमाग विणकरांवर आहे. यंत्रे आल्यावर ज्यांचे माग बंद पडले त्यांना मागासलेले म्हणून हसण्याची पद्धत होती. थॉम्पसन म्हणतात, त्यांच्या परिस्थितीत ते शहाणपणानेच वागत होते, आधी त्यांचे ऐकून घ्या. सोलापूरकराने वाचावे असे हे प्रकरण आहे. भारतात रणजित गुहा यांनी १९८२ पासून निम्नवर्गीयांच्या इतिहासाची लेखमाला सुरू केली.

पण मराठीत खरा बदल प्राध्यापकांमुळे झाला नाही. ज्यांचा इतिहास लिहायचा राहिला होता तेच लिहू लागले. गोदावरी परुळेकरांनी वारल्यांच्या लढ्यावरचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक त्या लढ्यात राहून लिहिले. १९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं', १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचे 'उपरा', १९८७ मध्ये लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या'. 'गावगाड्या'त ज्यांच्याविषयी लिहिले गेले होते, त्यांची मुले आता स्वतः लिहीत होती. १९८९ साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गावोगाव भेटून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केले. त्याच सुमारास हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. तो संग्रह एक लाखाच्या पुढे गेला. ज्या बायांनी आयुष्यात एक ओळ कागदावर लिहिली नाही, त्यांच्या मनातले माहेर, सासर, दुष्काळ आणि देव त्यात आहेत.

आता आपल्या गावाकडे येऊ.

सोलापूरचा इतिहास म्हटला की १९३० चा मार्शल लॉ. गांधीजींच्या अटकेनंतर ८ मे रोजी गावात गोळीबार झाला, शंकर शिवदारे बळी गेले, लोक खवळले, पोलीस माघारी गेले. १२ मे पासून लष्करी कायदा लागला तो जूनअखेरपर्यंत. गांधी टोपी घातली, झेंडा लावला म्हणून लोकांना शिक्षा झाल्या. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यांचे पुतळे आपल्या चौकात आहेत.

हीच घटना तीन तऱ्हांनी लिहिता येते. इंग्रजांच्या कागदांत ती दंगल आहे. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात ती चार हुतात्म्यांची गाथा आहे. तिसरी तऱ्हा म्हणजे त्या दिवशी रस्त्यावर कोण होते ते पाहणे. शिंदीची झाडे तोडायला गेलेले कोण? गिरण्यांतून बाहेर पडलेले कोण? कुर्बान हुसेन गिरणी कामगारांत काम करत आणि 'गझनफर' नावाचे वृत्तपत्र चालवत, हे लक्षात घेतले की चार पुतळ्यांच्या मागे भरलेला चौक दिसू लागतो. यात हुतात्म्यांचा मान तिळभरही कमी होत नाही. उलट, ते कुणाच्या बळावर उभे राहिले ते कळते. चार नावांत लिंगायत, मारवाडी, मराठा आणि मुसलमान घरे आहेत, ती काही कुणी जुळवून आणलेली नाहीत. गावच तसे होते.

ते गाव कसे जमले? १८७७ साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपली जुनी गिरणी, उभी राहिली तेव्हा दख्खनमध्ये मोठा दुष्काळ चालू होता. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या निघाल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि सोलापुरी चादर देशभर पोहोचली. भोंग्यावर गाव उठू लागले. गिरण्या आणि माग यांच्या जोडीला विडी आली, तीही बहुतेक बायकांच्या जिवावर. तेंदूपाने, तंबाखू आणि सूत घरी आणायचे, पाने भिजवून कापायची, हजाराच्या हिशेबाने विड्या वळून कारखान्यात नेऊन द्यायच्या, तिथे त्यांतल्या किती बाद होतील याची धाकधूक. विडी कामगारांसाठीचा कायदा १९६६ साली झाला. कुंभारीला विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, तिला नाव गोदूताई परुळेकरांचे. वारल्यांचा इतिहास लिहिणाऱ्या बाईचे नाव विडी वळणाऱ्या बायांच्या घरांना मिळाले, हा योग चांगला आहे. पण त्या बायांनी संसार कसा केला, हे कुणी लिहून ठेवले आहे का?

आणि सेटलमेंट. आज 'सेटलमेंट फ्री कॉलनी' म्हणताना त्यातल्या 'फ्री' या शब्दाकडे आपले लक्ष जात नाही. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. कैकाडी, पारधी, टकारी अशा जमातींच्या लोकांना सोलापुरात तारेच्या कुंपणाआड ठेवले. हजेरी लागायची, परवानगीशिवाय बाहेर जायचे नाही, काम गिरणीत. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी. म्हणून हे लोक तो दिवस मुक्तीचा मानतात. 'फ्री'चा अर्थ तो.

सोलापूरचा असा इतिहास लिहिणाऱ्यापुढे एक अडचण मात्र आहे, भाषेची. इथे मराठी आहेच, पण कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी उर्दू. केवळ मराठी कागद वाचून लिहिलेला सोलापूरचा इतिहास अर्धाच होईल. याचा वस्तुपाठ आनंद कुंभार यांनी घालून दिला. वीज मंडळातली नोकरी सांभाळून त्यांनी जिल्ह्यातल्या गावोगावचे शिलालेख शोधले. त्यांतले पुष्कळ कन्नडमध्ये आहेत. पुढे श्रीनिवास रित्ती यांच्यासह त्यांनी त्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. भीमा-सीना संगमावरच्या हत्तरसंग कुडलच्या शके ९४० च्या मराठी लेखाकडे अभ्यासकांचे लक्ष गेले, त्यातही त्यांचा वाटा मोठा. इतिहासकाराला विद्यापीठाची खुर्ची लागतेच असे नाही. दोन भाषा, चालायची तयारी आणि चिकाटी मात्र लागते.

आता आपल्या शाळेतल्या साधनाविषयी. मुख्याध्यापकांच्या कपाटातले जनरल रजिस्टर. नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण. जुन्या रजिस्टरांत कितीतरी मुलांची जन्मतारीख १ जून असते. एवढी मुले एकाच दिवशी जन्मली नव्हती. घरच्यांना तारीख सांगता येत नसे, शाळा जूनमध्ये उघडे, गुरुजी वय बसेल असा १ जून लिहीत. मुलाच्या जन्माविषयी ही नोंद काहीच सांगत नाही, पण त्याच्या घरात कागद पहिल्यांदा आला तो शाळेमुळे, हे ती स्पष्ट सांगते. शाळा सोडल्याच्या कारणाचा रकाना याहून बोलका. तिथे चार शब्दांत लिहिलेले असते, त्यामागे कधी बंद पडलेली गिरणी असते, कधी मागावर कांड्या भरायला लागलेला मुलगा, कधी आईबरोबर विड्या वळायला बसलेली मुलगी. आपल्या वर्गात पाचवीला असलेले आणि दहावीच्या फोटोत नसलेले चेहरे आठवून पाहा.

हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. तो बहुतेकदा आजोबांच्या शाळेच्या नोंदीत सापडतो. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यभर जुनी रजिस्टरे आणि मोडी कागद उघडले गेले, तेव्हा हे सर्वांनाच कळले. ज्याच्या आजोबांनी शाळेचे तोंड पाहिले नाही, ज्याचे घराणे कुंपणाआड किंवा पालात राहिले, त्याने पुरावा कुठून आणायचा? इतिहासात नोंद नसण्याची किंमत अशी आजच्या नातवाला मोजावी लागते.

म्हणून स्नेहमेळाव्याच्या निमित्ताने एक सुचवतो. आपण सगळे आता वयाच्या अशा टप्प्यावर आहोत, की ज्यांना विचारायचे ती माणसे घरात आहेत तोवर विचारून घेतले पाहिजे. प्रत्येकाने आपल्या घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाचे काम लिहून आणावे, दोन पाने पुरेत. सोलापुरात कुठून आणि का आले? पहिला पगार किती आणि तो कुणाच्या हाती दिला? कामाला लागणाऱ्या वस्तूंची नावे काय? संपात घर कसे चालले? गिरणी बंद झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय केले? आई, आजी, आत्या यांना तर नक्की विचारा, कारण कागदावर त्यांचे काम 'घरकाम' एवढेच असते. घरची भाषा कन्नड, तेलुगू, उर्दू असेल तर त्याच भाषेत बोलू द्या, शब्द जसेच्या तसे उतरवा, मराठी नंतर करता येईल.

दोन पथ्ये मात्र पाळावी लागतील. एक, आठवण म्हणजे पुरावा असे लगेच धरू नये. माणसाला वर्ष चुकते, ऐकलेले पाहिल्यासारखे वाटते, आणि आपल्या आजोबांना पराक्रमी करण्याचा मोह तर कुणाला सुटत नाही! सांगितलेले हजेरीकार्डाशी, रेशनकार्डाशी, शेजाऱ्याच्या आठवणीशी ताडून पाहावे. ताळा जमला नाही तर दोन्ही लिहावे. दुसरे पथ्य याहून महत्त्वाचे. काही घरांच्या आठवणी दुखऱ्या असतात. सावकारी, दारू, कुंपण, उपास. सांगायचे की नाही हे सांगणाऱ्याने ठरवायचे, आणि छापायचे की नाही हेही त्यानेच.

शाळेने जुन्या रजिस्टरांच्या प्रती काढून त्या नीट जपाव्यात, अशी मुख्याध्यापकांना विनंती. त्या सर्वांना उघड्या करू नयेत, पण वाळवीच्याही स्वाधीन करू नयेत. मेळाव्याच्या वर्गणीतून काही शिल्लक राहिली, तर ती यासाठी द्यावी असे मला वाटते. आपल्या गुरुजनांनी कित्येकांच्या घरात पहिल्यांदा कागद नेला. त्या कागदावर त्यांनी सुरेख अक्षरात आपली नावे लिहिली आहेत. नावांपुढची हकीकत आता आपण लिहायची. पाने पाठवताना एका बाजूलाच लिहा, तारीख घाला, आणि माहिती सांगणाऱ्याचे नाव त्याला विचारूनच लिहा.